निलगिरीची लागवड: शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि उत्तरे

महाराष्ट्रात बांधावर आणि शेतात जी निलगिरी लावली जाते तिचे शास्त्रीय नाव युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. पुढची सगळी उत्तरे याच जातीबद्दल आणि तिच्या संकरित क्लोनांबद्दल (निवडक झाडाच्या कांडीपासून केलेली हुबेहूब रोपे) आहेत. दुसऱ्या जातीचा विषय असेल तिथे तसे लिहिले आहे.

उटीची निलगिरी आणि आपल्या शेतातली निलगिरी एकच का?

नाही. उटीच्या थंड डोंगरांवर आहे ती ब्लू गम, म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस. १८४३ साली निलगिरी पर्वतात तिची पहिली रोपे लागली आणि १८५६ पासून जळणासाठी रीतसर लागवड सुरू झाली. झाडाला मराठीत मिळालेले नाव त्या डोंगराचेच. ही जात साधारण दीड हजार मीटर उंचीवरच्या थंड हवेत रमते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात ती तग धरत नाही.

टेरेटिकॉर्निस मूळची ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याची आणि पापुआ न्यू गिनीची. नावाचा अर्थ 'गोल शिंगासारखी': फुलाच्या कळीवरची टोपी लांबट, शिंगाच्या आकाराची असते. ही टोपी गळली की पांढऱ्या केसरांचे फूल दिसते. बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवर टिपू सुलतानाच्या बागेत १७९०च्या सुमारास युकॅलिप्टसचे बी पेरले गेले, असे सांगतात. तिथल्या झाडांच्या आपोआप झालेल्या संकरातून 'मैसूर गम' आली. रोपवाटिकेत 'हायब्रीड' म्हणून विकतात ती बियाणाची रोपे बहुतेक याच वंशाची असतात.

लिंबासारखा वास येणारी तिसरी जात, जिला आता कोरिम्बिया सिट्रिओडोरा म्हणतात, ती सुगंधी तेलासाठी लावतात. लाकडाच्या व्यापाऱ्याला विकायला ती लावू नका.

माझ्या जमिनीत येईल का?

पाण्याचा निचरा होणारी मुरमाड, तांबडी किंवा मध्यम काळी जमीन आणि खाली किमान एक मीटर भुसभुशीत थर असेल तर येईल. सामू (पीएच) ५.५ ते ७.५ असावा.

खोल भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात. पहिल्या दोन वर्षांत झाड जगले तरी वाढ अडते. चुनखडीच्या जमिनीत शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव फवारणीने वर्षभर झाकता येते, पण पाच वर्षांचे पीक फवारणीवर उभे राहत नाही. चोपण किंवा पाणथळ जागेत निलगिरी लावायचीच असेल तर कॅमालड्युलेन्सिस जातीचे क्लोन बघा. ते खारटपणा आणि साचलेले पाणी जास्त सोसतात.

लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी मीटरभर खड्डा खणून पाहा. पन्नास सेंटिमीटरवर कातळ लागला तर त्या जमिनीत लावू नका.

निलगिरी विहिरीचे पाणी पिते हे खरे का?

उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि दोन्ही बाजूंनी या प्रश्नात अतिशयोक्ती होते.

आधी आकडा तपासू. 'एक झाड दिवसाला ९० लिटर पाणी पिते' असे नेहमी ऐकायला मिळते. एकरी ६७० झाडे धरली तर वर्षाला साधारण २ कोटी २० लाख लिटर होतात, म्हणजे त्या एकरावर ५,४०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडच्या कोरड्या भागात उघड्या टाकीतूनही वर्षभरात दोन-अडीच मीटर पाणी उडते. हवाच जेवढे ओढू शकत नाही तेवढे झाडांची रांग कुठून उडवणार? उलट बाजूने पाहा. ६०० मिमी पाऊस म्हणजे एकरी साधारण २४ लाख लिटर. तो सगळाच्या सगळा झाडांनी घेतला तर दर झाडाला वर्षाला ३,६०० लिटर येतात, म्हणजे दिवसाला सरासरी १० लिटर. हा आकडा छोटा दिसतो, पण त्याचा अर्थ असा की जमिनीत मुरायला काहीच उरले नाही.

खरी चिंता हीच आहे. १९९०च्या सुमारास कर्नाटकात झालेल्या मोजणीत दिसले की मध्यम खोलीच्या जमिनीतली तरुण निलगिरी तिथल्या पानगळीच्या जंगलापेक्षा जास्त पाणी वापरत नाही. पण जंगल काय किंवा निलगिरी काय, नाचणीच्या शेताच्या सुमारे दुप्पट पाणी वापरतात. आणि जिथे माती आठ मीटरपर्यंत खोल होती, तिथे निलगिरीने पडलेल्या पावसापेक्षाही जास्त पाणी, म्हणजे साठवणीतले पाणी, खेचले होते.

म्हणून उथळ पाण्याची विहीर, पाझर तलावाचा काठ, झऱ्याचे पाणलोट आणि ६०० मिमीच्या आतबाहेर पावसाच्या गावातला सलग पट्टा, या चार जागी निलगिरी लावू नका. कर्नाटकाने कोरड्या तालुक्यांतल्या अनुभवानंतर २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली, ती उगाच नाही. ९०० मिमीहून जास्त पाऊस आणि उताराची मुरमाड जमीन असेल तर भीतीचे कारण बरेच कमी होते.

क्लोन घ्यावे की बियाण्याची रोपे?

विकण्यासाठी लावायची असेल तर क्लोन. बियाण्याच्या रोपांत उंच, बुटकी, वाकडी अशी सरमिसळ होते. त्यांची वाढ हेक्टरी वर्षाला ६ ते १० घनमीटर असते, तर चांगल्या जमिनीत निवडक क्लोन २० घनमीटरच्या पुढे जातात. तोडणीच्या वेळी एकसारख्या जाडीचे खोड व्यापाऱ्यालाही हवे असते. तेव्हा आंध्रात आणि आता तेलंगणात असलेल्या भद्राचलमच्या कागद कारखान्याने १९९०च्या दशकात क्लोन तयार करून शेतकऱ्यांना दिले, तेव्हापासून हा बदल झाला. आजही रोपवाटिकेत ४१३, ५२६ असे आकडे ऐकू येतात ते त्यातले.

क्लोनचा धोकाही सांगायला हवा. सगळे शेत एकाच क्लोनचे असेल आणि त्या क्लोनला कीड लागली, तर सगळे शेत एकदम जाते. दोन एकरांहून जास्त लावत असाल तर दोन-तीन क्लोन वेगवेगळ्या पट्ट्यांत लावा. ओळीत मिसळू नका. मिसळले की जलद वाढणारा क्लोन शेजाऱ्याला दाबतो.

रोप खरे क्लोनचे आहे हे कसे ओळखायचे?

ट्रेमधली सगळी रोपे पानाचा आकार, रंग आणि देठाची छटा यांत अगदी एकसारखी दिसली पाहिजेत. एकाच ट्रेमध्ये काही पाने रुंद आणि काही अरुंद असतील तर ती बियाण्याची रोपे. क्लोन कलमकांडीपासून होतो. त्यामुळे बुंध्याशी कांडीचा तुकडा दिसतो आणि नवा फुटवा तिच्या बाजूने निघालेला असतो.

उंची २५ ते ३० सेंमी, वय तीन-चार महिने, खोड पेन्सिलीच्या जवळपास जाडीचे, आणि रूट ट्रेनरमधून (रोप वाढवायच्या उभ्या साच्यातून) काढल्यावर मुळे सरळ खाली आलेली, असे रोप घ्या. पिशवीत वर्षभर पडून राहिलेली उंच रोपे स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. त्यांची मुळे पिशवीच्या तळाशी गोल फिरून गुंडाळलेली असतात. लागवडीनंतर तीच गुंडाळी बुंध्याला आवळते आणि तिसऱ्या वर्षीच्या वादळात झाड मुळासकट पडते.

किती अंतर ठेवावे?

| पद्धत | अंतर | एकरी झाडे |
|---|---|---|
| कागदाच्या लाकडासाठी सलग | ३ × १.५ मीटर | ९०० |
| बल्ल्या आणि वाशांसाठी सलग | ३ × २ मीटर | ६७५ |
| जोडओळ, मध्ये पीक | जोडीत २ × १.५ मी., दोन जोड्यांत ८ मी. | ५४० |
| बांध | २ मीटर | दर १०० मीटरला ५० |

तुमच्याकडे दुसरे उत्पन्न नसेल तर जोडओळ पद्धत बरी. आठ मीटरच्या पट्ट्यात ट्रॅक्टर फिरतो आणि पहिली दोन-तीन वर्षे सोयाबीन, हरभरा, उडीद चांगले येतात. सलग लागवडीत पीक फक्त पहिल्या खरिपात घ्या. दुसऱ्या वर्षी सावली आणि मुळे दोन्ही आड येतात.

खड्डा, खत आणि लागवड कशी करावी?

खड्डे मेमध्ये, ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल घ्या. मुरूम कडक असेल तर ४५ सेंमी. खड्ड्याऐवजी ओळीत सबसॉयलर फिरवून ५०-६० सेंमी खोल चीर पाडता आली तर त्याहून उत्तम. मुळे खाली जाण्याला लागतो तो मोकळा रस्ता. खड्ड्याचे काठ गुळगुळीत राहिले तर कुंडीसारखी अडचण होते, म्हणून कुदळीने काठ ओरबाडून घ्या.

प्रत्येक खड्ड्यात १ ते २ किलो कुजलेले शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत नीट मिसळा. कच्चे शेणखत घालू नका, ते वाळवीला बोलावते.

पहिल्या एक-दोन चांगल्या पावसांनंतर, माती वीत-दीड वीत ओली झाल्यावर लावा. बहुतेक ठिकाणी म्हणजे जूनचा शेवट ते जुलै. ऑगस्टनंतर लावलेल्या रोपाला मुळे खोल नेण्याआधी पावसाळा संपतो. रोप ट्रेनरमधून काढताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. बुंधा ज्या पातळीवर होता त्याच पातळीवर ठेवा, माती चढवून खोड गाडू नका. हाताने घट्ट दाबा. पोकळी राहिली की तिथे मूळ सुकते.

महिन्याने १५:१५:१५ खत ५० ग्रॅम, खोडापासून २० सेंमी अंतरावर गोल आळ्यात, ओल असताना द्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेवढेच. दुसऱ्या पावसाळ्यात १०० ते १५० ग्रॅम. शेंडे सुकून झाड झुडपासारखे होत असेल आणि पाणी पुरेसे असेल, तर बहुतेक वेळा बोरॉन कमी आहे. झाडामागे १० ग्रॅम बोरॅक्स एकदाच द्या. त्याहून जास्त दिले तर पानांच्या कडा जळतात.

पहिल्या तीन महिन्यांत काय चुकते?

निलगिरी फसते ती मुख्यतः याच काळात, आणि त्याची कारणे दरवर्षी तीच असतात.

सगळ्यात वर तण. निलगिरीचे छोटे रोप गवताशी झुंजू शकत नाही. गवत गुडघ्यापर्यंत आले की रोप जगते, पण महिनाभर वाढत नाही, आणि हा गेलेला महिना पुढे भरून निघत नाही. रोपाभोवती ५० सेंमी वर्तुळ पहिल्या वर्षी तीन-चार वेळा स्वच्छ ठेवा. तणनाशकाचा थेंब कोवळ्या पानावर पडला तर रोप जाते, म्हणून ओळीत खुरपे आणि मधल्या पट्ट्यात कोळपे.

दुसरी वाळवी. रोप हिरवे असतानाच मान टाकते, धरून ओढले की सहज हातात येते आणि मुळाजवळची साल कातरून खाल्लेली दिसते. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी लिटरला २ ते ३ मिली मिसळून बुंध्याशी अर्धा-एक लिटर ओता. लागवडीच्या दिवशीच ओतले तर नंतर धावपळ होत नाही. हातमोजे घाला, लेबलवरची सूचना पाळा, विहिरीच्या काठाशी वापरू नका.

तिसरे, नांग्या भरायला उशीर. मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे पंधरा ते तीस दिवसांत लावा. दोन महिन्यांनी लावलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत कायम खुजे राहते.

पाऊस मध्येच ओढला तर रोपाला आठवड्याला ५ लिटर, आणि पहिल्या उन्हाळ्यात ठिबकने आठवड्याला १० ते १५ लिटर पुरते. दुसऱ्या वर्षानंतर पाण्याची गरज सहसा नसते. जास्त पाणी आणि युरिया देऊन भराभर उंच केलेले झाड बारीक खोडाचे राहते आणि वळवाच्या वाऱ्यात मोडते.

पानांच्या शिरांवर आणि कोवळ्या फांद्यांवर गाठी येतात. काय करावे?

ती लेप्टोसायबे इनव्हेसा नावाची बारीक गांधीलमाशी. तिची मादी पानाच्या मधल्या शिरेत, देठात आणि कोवळ्या खोडात अंडी घालते, तिथे गाठी येतात आणि शेंडा वेडावाकडा होतो. भारतात ती २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत कर्नाटकात दिसली आणि टेरेटिकॉर्निस व कॅमालड्युलेन्सिसच्या रोपवाटिकांत झपाट्याने पसरली.

फवारणी फारशी उपयोगाची नाही, कारण अळी गाठीच्या आत सुरक्षित असते. उपाय रोपवाटिकेतच आहे. गाठी असलेले एकही रोप शेतात आणू नका, आणि जास्त सोसणारा क्लोन निवडा. क्वाड्रास्टिकस मेंडेली नावाची तिची परजीवी माशी आता भारतात बऱ्याच ठिकाणी आहे आणि मोठ्या झाडांवर प्रादुर्भाव आटोक्यात ठेवते. उगाच व्यापक कीटकनाशक मारले तर आधी तीच मरते.

बांधावर लावली तर शेजाऱ्याच्या पिकाला त्रास होतो का?

होतो. झाडाच्या उंचीइतक्या पट्ट्यात, म्हणजे पाचव्या वर्षी आठ-दहा मीटरपर्यंत, पीक कमी येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून पूर्व-पश्चिम बांधावरच्या झाडांची सावली उत्तरेकडे पडते. तुमच्या शेताच्या उत्तर बांधावर लावलीत तर तुमचे पीक वाचते आणि शेजाऱ्याचा हरभरा सावलीत जातो. आधी बोलून घ्या, त्याला तोडणीत वाटा द्या किंवा बांधापासून तीन मीटर आत लावा. झाडांपासून एक-दीड मीटरवर ३० सेंमी रुंद आणि मीटरभर खोल चर काढून दर दोन वर्षांनी मुळे तोडली की पिकाकडे जाणारा त्रास बराच कमी होतो. हे वेळेत केले नाही की गावात भांडण होतेच.

तोडणी कधी करावी? किती लाकूड मिळते?

कागदासाठी चौथे-पाचवे वर्ष, बल्ल्यांसाठी सहावे ते आठवे, फळ्यांसाठी बारा वर्षांहून पुढे. फळ्यांबद्दल सावधान: निलगिरीच्या खोडात वाढीचा ताण साठलेला असतो. करवतीखाली फळी वाकते, टोके फुटतात, आणि तंतू पिळदार असल्याने वाळताना वळते. टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत हळू वाळवले तरच निभावते.

चांगल्या जमिनीत क्लोन चार-पाच वर्षांत एकरी साधारण २५ ते ३५ टन ताजे लाकूड देतात. हलक्या कोरडवाहू जमिनीत याच्या निम्मे धरा. यापेक्षा मोठे आकडे रोप विकणाऱ्यांकडून ऐकाल, हिशेब त्यावर बांधू नका.

व्यापारी मोजताना फसवतो का, हे कसे तपासायचे?

उभ्या झाडांचा सौदा अंदाजाने होतो, म्हणून आपला अंदाज आपण करावा. दहा-वीस झाडांची छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) सुतळीने घेर मोजून सरासरी काढा.

तोडलेल्या ओंडक्यावर व्यापारी 'पाव घेर' पद्धत वापरतात: मधल्या घेराचा चौथा भाग घेऊन वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. मधला घेर ४० सेंमी आणि लांबी १० मीटर असेल तर ०.१० घनमीटर येते. खरे घनफळ ०.१२७ घनमीटर असते. म्हणजे या पद्धतीत पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त लाकूड मोजलेच जात नाही. पद्धत चालू आहे म्हणून नाकारता येत नाही, पण दर ठरवताना हे माहीत असायला हवे.

वजनावर विकत असाल तर दिवस महत्त्वाचा. ताज्या लाकडात चाळीस-पंचेचाळीस टक्के वजन पाण्याचे असते आणि तोडल्यावर ते झपाट्याने उडते. शेतात पंधरा दिवस पडलेला माल म्हणजे तुमचे गेलेले पैसे. ट्रक ठरल्याशिवाय करवत लावू नका. सौद्यात चार गोष्टी लेखी घ्या: भाव सालीसह की सोललेल्या लाकडाचा, किती जाडीपर्यंतचे टोक घेणार, तोडणी-भरणी-वाहतूक कोणाकडे, आणि वजनकाटा कोणता. साल तोडणीच्या दिवशीच सोला, नंतर ती लाकडाला चिकटते.

तोडल्यावर पुन्हा फुटते का?

फुटते. नीट ठेवले तर दोन-तीन वेळा खोडवा घेता येतो. पण तोड कशी केली यावर ते ठरते.

- जमिनीपासून १० ते १५ सेंमीवर, करवतीने, थोडा उतार ठेवून तोडा म्हणजे पाणी वाहून जाईल. कुऱ्हाडीने तोडले की बुंध्याची साल सुटते आणि फुटवे सालीखालूनच येतात.
- पावसाळ्याच्या थोडे आधी तोडलेले उत्तम. एप्रिलच्या कडक उन्हात तोडलेले बुंधे बरेच मरतात.
- बुंध्यांवर फांद्यांचा ढीग जाळू नका. आगीत साल भाजली की फुटवा नाही.
- फुटवे पुरुषभर उंच झाले की, साधारण सहा ते नऊ महिन्यांत, बुंध्यावर एक किंवा दोन जोमदार ठेवून बाकीचे काढा. जमिनीजवळचा आणि वाऱ्याच्या बाजूचा फुटवा निवडा, तो पडत नाही.

तोडायला परवानगी लागते का?

महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोहा, चिंच यांसारखी झाडे आहेत, निलगिरी नाही. महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत मात्र १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो आणि तिथे परवानगी घ्यावीच लागते. आदिवासी जमीन, वर्ग दोनची जमीन किंवा वनहद्दीला लागून शेत असेल तर तोडीआधी तलाठी आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा. लागवडीच्या वर्षीच सात-बारावर झाडांची नोंद करून घ्या. वाहतुकीत गाडी अडवली तर तीच उपयोगी पडते.

पानांपासून घरी तेल काढता येईल का? ते बाळाला लावावे का?

काढता येते, परवडत नाही. आपल्या जातीच्या पानांत वाफेने एक टक्क्याच्या आसपास तेल निघते, म्हणजे शंभर किलो पानांमागे किलोभर. औषधी तेलात सिनिओल (या तेलातला मुख्य घटक) सत्तर टक्क्यांच्या वर लागते. ते ब्लू गमसारख्या जातींत मिळते, आपल्या झाडांत खात्री नसते.

बाळाच्या नाकाखाली किंवा छातीवर निलगिरीचे तेल लावू नका. लहान मुलाने चमचाभर तेल गिळले तरी झटके येऊ शकतात, श्वास मंद होऊ शकतो. बाटली उंच ठेवा. मुलाने प्यायले असेल तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.

झाडाने डास पळतात का?

नुसत्या उभ्या झाडाने नाही. रोमजवळच्या त्रे फोंताने मठात एकोणिसाव्या शतकात हिवताप घालवायला निलगिरी लावली. असा उपयोग झाला तर तो दलदल सुकल्याने, वासाने नव्हे.

पीक बदलायचे ठरवले तर बुंधे कसे काढायचे?

जेसीबीने खणून काढणे लवकर होते, पण खर्च लागवडीच्या वेळीच धरून ठेवा. नाहीतर फुटवे उगवले की सहा-आठ आठवड्यांनी मोडत राहा. वर्षभर नेटाने केले तर बुंध्याचा साठा संपतो आणि तो मरतो. एक पावसाळा खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर दोन ओळींमध्ये शेंगवर्गीय पीक घ्या. खोल मुळे कुजायला दोन-तीन वर्षे लागतात, त्या काळात नांगराचा फाळ त्यांना लागून तुटतो, म्हणून पहिली नांगरणी उथळ ठेवा.